शाळेंतील संगणकांचें जाळें : थोडक्या पैशांत सुधारणा

'आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?' ही म्हण आपल्या परिचयाची आहे. आमच्या शाळेंत मात्र उलट प्रकार घडला. आड तुडुंब भरलेला होता. पोहराच फुटका निघाला.

शाळेंतील संगणक फार मंद चालतात, अशी शिक्षकांची तक्रार होती. माजी विद्यार्थ्यांनीं वर्गणी जमविली आणि आम्हीं कांहींहि चौकशी न करितां इंटरनेटची जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटांवरून ३०० वर नेली. दरमहाचें भाडें वाढलें. पण दुसऱ्या मजल्यावरील मुलांच्या पडद्यावरचें चक्र पूर्ववत् फिरतच राहिलें. त्या निर्णयावर माझीहि सही होती. म्हणून हा अनुभव आपल्यापुढें मांडणें मला माझें कर्तव्य वाटतें.

पुढें एका माजी विद्यार्थ्यानें कपाट उघडून दाखविलें. सर्व वर्गांच्या तारा जेथें एकत्र येतात ती पेटी, म्हणजे स्विच, १०० मेगाबिटांचीच होती. बाहेरून तिप्पट आणलें तरी आंत जाणार तेवढेंच! १००० मेगाबिटांचा स्विच बसविला, तरीहि तीन वर्ग शंभरावरच अडले. दोष तारेच्या टोकांशीं होता. या तारेंत आठ तंतू, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटांना दोन जोड्या पुरतात. १००० ला चारहि लागतात. पूर्वीच्या कारागिरानें चारच तंतू जोडले होते. नवीं टोकें बसवून आठहि तंतू जोडतांच तीच तार पूर्ण वेगानें चालूं लागली. ती कॅट-५ई जातीची होती, आणि ही तार १०० मीटरपर्यंत एवढा वेग वाहून नेते. भिंतीला छिन्नी लावावी लागली नाहीं.

तेव्हां खर्चापूर्वीं मोजमाप करावें. जोडणी शाळेंत शिरते तेथें एक संगणक तारेनें जोडून वेग पाहावा. मग तोच संगणक सर्वांत दूरच्या वर्गांत नेऊन पुन्हा पाहावा. पहिलाच आंकडा कमी असेल तर दोष पुरवठ्याचा; दुसराच कमी असेल तर गळती आपल्या घरांतली.

बिनतारी यंत्रांविषयींहि दोन शब्द. एकाच यंत्रावर साऱ्या मजल्याचा भार टाकूं नये. जेथें संगणकाचा तास होतो तेथें स्वतंत्र यंत्र असावें, व तें तारेनें स्विचला जोडावें. २·४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या १, ६ व ११ अशा तीनच आहेत. शेजारच्या यंत्रांना त्या निरनिराळ्या द्याव्या. यास एक पैसाहि पडत नाहीं.

दोन इमारती जोडावयाच्या असतील तर मात्र काटकसर करूं नये. तेथें कांचतंतूच टाकावा. तो दूरवर जातो, आणि कांचेंतून वीज वाहत नसल्यामुळें पावसाळ्यांत विजेचा धक्का त्याच्यावाटे यंत्रांपर्यंत पोहोंचत नाहीं. यंत्रें कांहीं वर्षांनीं बदलावींच लागतात. पुरलेली तार पुन्हा कोण उकरणार?

शेवटीं, एक शंभर पानी वही घ्यावी. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक देऊन त्यांत नकाशा काढून ठेवावा. जाणकार शिक्षकाची बदली झाली कीं त्याच्याबरोबर सारें ज्ञानहि जातें. वही मात्र शाळेंतच राहते.

आणि एवढें लक्षांत असावें, कीं शाळेचा वेग मुख्याध्यापकांच्या खोलींत मोजावयाचा नसतो. जो वर्ग सर्वांत दूर, तेथील मुलाला जें मिळतें, तोच शाळेचा खरा वेग होय.