पायाचे हाड, मुखाचा आधार

रायपूरच्या गोल बाजारात फुटाणे चघळीत हिंडणाऱ्यास जबड्याचे मोल क्वचितच जाणवते. तंबाखूमुळे झालेल्या कर्करोगापायी खालचा जबडा काढावा लागला, म्हणजे ते कळते: घास चावत नाही, वाणी अस्पष्ट होते, चेहरा खचतो. 1989 मध्ये अमेरिकन शल्यविशारद डेव्हिड हिडाल्गो यांनी नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून जबड्याच्या जागी बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आता सीटी स्कॅनवरून त्या रुग्णाच्याच जबड्याचा नमुना घडवितात. त्याबरहुकूम हाडाचे तुकडे कापून जोडतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. रक्त मिळाल्यामुळे हाड जिवंत राहते व सांधते. अनेकदा त्यात कृत्रिम दातही रोवता येतात. शरीराचा भार मुख्यतः नडगीच पेलीत असल्याने रुग्ण चालूही शकतो.