गायरानाची राखण कोणी करायची?



सांगोला तालुका म्हटला की दुष्काळ आठवतो. पण याच माळरानाने पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळ पोसला, भूमिहीनाची शेळी जगवली, गरिबाच्या चुलीला सरपण दिले. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याचा आधार म्हणजे गावचे गायरान. गायरानाचा प्रश्न म्हणूनच कष्टकऱ्यांचा प्रश्न आहे.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २२ मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास देते. मालकी शासनाची, चराई गावाची, अशी ही वाटणी. सरकारी जमीन ती आपली नव्हे, ही भावना त्यातूनच रुजली. राखणारा दूर गेला आणि बळवंतांचे फावले.

परंतु अतिक्रमण या एकाच शब्दात दोन निराळी माणसे कोंबली जातात. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केले. पोटासाठी गायरान कसणारा दलित त्या लढ्याचा वारस आहे. बांध सरकवून माळ गिळणारा बागायतदार त्याच्या पंक्तीत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामूहिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, तेव्हा भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद मान्य केला. कारवाईचा बुलडोझर मात्र पहिल्यांदा झोपडीकडेच वळतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातील गावांना सामूहिक वनाच्या राखणीचा अधिकार दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने २००९ साली तो मिळवून दाखविला. गायरान वनजमीन नसल्याने माणदेशातील गावांना त्याचा लाभ नाही. तसाच अधिकार गायरानासाठी ग्रामसभेला मिळावा, ही मागणी लावून धरली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आरंभ गावातच करावा. गायरानाचे गट क्रमांक ग्रामसभेत वाचले जावेत, मोजणीची मागणी व्हावी. मेंढपाळ, भूमिहीन आणि स्त्रिया यांच्या समितीने आळीपाळीने चराई ठरवावी. पहिल्या पावसापासून गवताचे बी पडेपर्यंत एक भाग बंद ठेवावा. वेडी बाभूळ काढणे, समतल चर खोदणे ही कामे रोजगार हमीतून मागावीत.

नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव देशमुख यांच्यासोबत या दुष्काळी मुलखाने पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी झुंज दिली. पाण्यावर सर्वांचा हक्क मानणाऱ्या सांगोल्याने आता माळावरही तोच हक्क सांगावा. हक्क हाती आला, तर गाव राखणही करील.