अर्थशास्त्राचा वर्ग आणि दोन दुष्काळ
(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात फळ्यावर दोन रेषा काढल्या जातात. एक मागणीची, दुसरी पुरवठ्याची. त्या जेथे छेदतात तेथे किंमत ठरते, हे विद्यार्थी वहीत उतरवून घेतो आणि परीक्षेत गुणही मिळवतो. परंतु गावात ज्वारी महागली तेव्हा मजुरी का वाढली नाही, आणि बापाला सावकाराचा उंबरठा का चढावा लागला, या प्रश्नांशी त्या रेषांचा काही संबंध असेल असे त्याला क्वचितच वाटते. शास्त्र आणि जगणे यांची ही फारकत मोडण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे प्रत्यक्ष घडलेले प्रकरण वर्गात मांडून त्याची चिकित्सा करणे. यालाच केस स्टडीची पद्धत म्हणतात.

ही पद्धत व्यवस्थापनशास्त्राने नावारूपाला आणली. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये ती रुजली आणि १९६१ साली अहमदाबादला भारतीय व्यवस्थापन संस्था निघाली, तेव्हा हार्वर्डच्या सहकार्याबरोबर ती येथेही आली. तेथे विद्यार्थ्याला व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसवून विचारले जाते : कारखाना अडचणीत आहे, निर्णय काय घ्याल? प्रश्न गैर नाही. पण खुर्ची कोणाची, हे आधीच ठरलेले असते. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला ही खुर्ची बदलता आली पाहिजे.

त्यासाठी दोन दुष्काळ वर्गात शेजारी शेजारी मांडावेत. पहिला १९४३ सालचा बंगालचा. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या काही अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. फळ्यावरचे उत्तर सोपे आहे : पुरवठा घटला, म्हणून माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात हे उत्तर तपासले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षीचा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ५ टक्केच कमी होता. १९४१ सालापेक्षा तर तो जास्तच होता, आणि त्या साली दुष्काळ पडला नव्हता. युद्धखर्चाने भाव भडकले, शेतमजुराची मजुरी आणि कोळ्याची मिळकत मागे पडली. तांदूळ होता, तो घेण्याची ऐपत नव्हती. पिकाच्या आकड्यांबाबत काही अभ्यासकांनी सेन यांच्याशी वाद घातला आहे. तो वादही वर्गात आणावा. तो लपवला तर अभ्यास उरत नाही, प्रचार उरतो.

दुसरा महाराष्ट्राचा, १९७२-७३ चा. लागोपाठ पावसाने दगा दिला आणि दरडोई धान्य कमालीचे घटले. येथे पुरवठा खरोखरच कोसळला होता, तरीही बंगालसारखा संहार झाला नाही. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे निघाली; मे १९७३ मध्ये त्यांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते. हाती मजुरी आली, म्हणून बाहेरून आलेले धान्य विकत घेता आले. मात्र हे सारे सरकारच्या दयाबुद्धीने झाले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कामासाठी आणि मजुरीसाठी मोर्चे निघाले, तहसील कचेऱ्यांना घेराव पडले. त्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला या अनुभवाचे बळ मिळाले. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. देशाने २००५ साली ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याआधीचा हा टप्पा होय.

आता वर्गाचे गट करावेत : भूमिहीन मजूर, कोरडवाहू शेतकरी, धान्याचा व्यापारी, तहसीलदार, आणि ज्याच्या पगारातून या योजनेसाठी व्यवसाय कर कापला गेला तो मुंबईचा नोकरदार. प्रत्येक गटाने आपली बाजू आकड्यांनिशी मांडावी. मजुरीचा दर वाढवला तर बागायतदार का कुरकुरतो? नोकरदाराने ग्रामीण मजुराचा भार का उचलावा? मग पुन्हा फळ्याकडे वळावे. मागणी म्हणजे गरज नव्हे. पैशाचे पाठबळ असलेली इच्छा म्हणजे मागणी, ही व्याख्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. उपाशी माणसाची भूक त्या रेषेत मोजलीच जात नाही, हे त्या क्षणी विद्यार्थ्याला उमगते. सिद्धान्त खोटा ठरत नाही. तो कोठे मुका होतो, ते कळते.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एका प्रकरणावरून नियम सिद्ध होत नाही, आणि हृदयाला भिडणारी हकीकत म्हणजे पुरावा नव्हे. म्हणूनच दोन प्रकरणांची तुलना हवी. शिवाय उत्तर आधीच खिशात घालून येणारा शिक्षक चर्चेचे नाटक करतो. पुरोगामी शिक्षकाला आणि कार्यकर्त्याला हा मोह अधिक. आपली बाजू न्यायाची आहे या खात्रीपोटी तो विद्यार्थ्याला विचार करू देत नाही. दुष्काळाच्या आकड्यांना सामोरे जाण्याची मोकळीक त्याला दिली, तर न्यायाची बाजू आपल्या बळावर उभी राहील.

या शिक्षणाला मोठा खर्च लागत नाही. आजच्या वर्गात असे विद्यार्थी बसलेले आहेत की ज्यांच्या आजीने ७२ साली खडी फोडली आणि कामावर वाटलेली सुकडी खाल्ली. त्यांना एवढाच गृहपाठ द्यावा : मजुरी किती मिळाली, किती दिवसांनी मिळाली आणि तिच्यात किती ज्वारी आली, हे आजीला विचारून लिहून आणा. ती वही आणि पाठ्यपुस्तक एका बाकावर शेजारी उघडली की अर्थशास्त्राचा पहिला खरा तास सुरू होईल.