प्रोसिडिंग बुकातील सही



महागाव तालुक्यातील फुलसावंगी असो वा विदर्भातील अन्य कोणतेही मोठे गाव, ग्रामपंचायत निवडणुकीत प्रभागाचा उमेदवार दारोदार फिरतो, नळ आणि नालीची आश्वासने देतो. निकालानंतर सरपंचाचे नाव गावभर होते. सदस्य मात्र प्रोसिडिंग बुकातील सहीपुरता उरतो. ही सही नेमकी कशाची?

यवतमाळ जिल्ह्याने तरी हा प्रश्न क्षुल्लक मानू नये. पुसदचे नगराध्यक्ष राहिलेल्या वसंतराव नाईकांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९६१ साली महाराष्ट्रातील पंचायत राज्याचा आराखडा मांडला. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीला घटनात्मक अधिष्ठान लाभले.

पूर्वी सरपंचाची निवड सदस्यच करीत. त्या निवडीआधी सदस्यांना अचानक तीर्थयात्रेची ओढ लागे आणि ते मतदानाच्या दिवशीच गावात उगवत! २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. आता आपल्याला किंमत उरली नाही, अशी खंत त्यामुळे अनेक सदस्य बोलून दाखवतात. वस्तुतः गेली ती सौद्याची किंमत. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. त्याचा आराखडा कोणी केला, देयक कोणत्या कामाचे, काम जागेवर झाले की कागदावर, हे मासिक सभेत विचारण्याचा अधिकार सदस्याचा आहे. उत्तर न मिळाल्यास आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेणे हेही त्याचेच काम. जो विचारत नाही, त्याची सही संमतीच ठरते.

विचारणाऱ्याचे स्वतःचे घर मात्र निर्मळ हवे. शासकीय जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात राहणाऱ्यालाही ही अपात्रता लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले.

२०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तरीही कित्येक गावांत सभेच्या खुर्चीवर पतिराज बसतात आणि रजिस्टर सहीसाठी घरी पाठवले जाते. चुलीवरचा चहा उकळेपर्यंत बाई चार ठरावांवर सह्या करून मोकळी होते. त्यांतला एक तिच्याच दारासमोरच्या, कधीच न झालेल्या नालीचा असतो.