आखाती रुपया आणि स्टार्टरची पेटी

आखाती देशांच्या सामायिक चलनाचा विषय निघाला की लोक विचारतात, नाव काय ठेवणार, नोटेवर चित्र कुणाचं? श्रोतेहो, विचारायचं तेच राहून जातं. भाव कोण ठरवणार?

सामायिक चलन तिथे एकदा होतं, आणि ते आपलं होतं. आखातातून सोनं चोरून इकडे यायचं, रुपये तिकडे जायचे आणि ते बदलून देताना भारताची परकीय चलनाची गंगाजळी आटायची. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. छपाई नाशिकरोडची, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर. कुवेतने १९६१ मध्ये, बहरीनने १९६५ मध्ये आपापला दिनार काढला. कतार, दुबई, ओमान रुपयावरच राहिले. ६ जून १९६६ ला दिल्लीने अवमूल्यन केलं. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर! दुबईच्या व्यापाऱ्याच्या तिजोरीतल्या नोटा तेवढ्याच, पण डॉलरमधली किंमत तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटली. त्याला विचारलं कुणी होतं?

सामायिक विहिरीचं असंच असतं. पाळ्या ठरतात, पाइपलाइन पडते, आणि भांडण जुंपतं ते स्टार्टरची पेटी कुणाच्या बांधावर बसवायची यावरून. ज्याच्या बांधावर पेटी, त्याचा ऊस आधी भिजणार, हे सगळे जाणून असतात.

सहा आखाती देशांनी २०१० पर्यंत चलन एक करायचं ठरवलं होतं. ओमान आधीच बाजूला झालं. मे २००९ मध्ये पेटी, म्हणजे सामायिक मध्यवर्ती बँकेचं ठाणं, रियाधला बसणार असं ठरताच अमिरातीने अंग काढून घेतलं. तिला ती आपल्याकडे हवी होती. उरले चौघे. त्यांतल्या सौदी आणि बहरीनने २०१७ मध्ये अमिरातीच्या जोडीने कतारची वाटच अडवली, ती २०२१ पर्यंत. बांधावरून जाऊ देत नाहीत, तिथे पाळी कसली!

पुन्हा सांगायला हवं, प्रश्न नोटेचा नाही, पेटीचा आहे.

पुढे काय? कुवेत सोडून पाचही चलनं डॉलरला बांधलेली आहेत. व्यवहारात दहा सौदी रियाल म्हणजे जवळजवळ एक बहरीनी दिनार. मनामाच्या दुकानात रियाल सहज चालतो. म्हणजे पेटी आजही वॉशिंग्टनला आहे आणि त्याबद्दल कुणी हूं की चूं करत नाही. परक्याची चालते, भावाची नाही!

उरलेल्या चौघांची चलन परिषद रियाधला २०१० मध्ये स्थापन झाली. तिने आजवर एकही नोट काढलेली नाही.