हवेच्या बोटीवर जाळं टाकताना



विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय नांदेड शहराला पिण्याचं पाणी देतो, उपसा सिंचनानं शेतं भिजवतो आणि काठावरच्या भोई कुटुंबांना मासळी देतो. रोहू, कटला, मरळ, चिलापी, शिंगटा. ही मासळी धरायला पाण्यात जाणारा माणूस बसतो कशावर, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

मराठवाड्यातल्या तलावांवर चांगली होडी थोड्यांकडे असते. बाकीचे ट्रकच्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या तराफ्यावर जातात. २०२३ मध्ये गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुलं अशाच थर्माकोलवर बसून जायकवाडीचं पाणी ओलांडून शाळेला जात होती. त्या बातमीची उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. आता मोबाइलवर मागवली की काही हजारांत हवेची बोट घरपोच येते. दिसायला ती ट्यूबपेक्षा ऐसपैस, सोबत दोन वल्ही आणि पंप. माणसाला वाटतं, आता आपण सुरक्षित झालो.

थर्माकोलला भोक पडलं तरी ते तरंगतं. तुकडे झाले तर एखादा तुकडा हाताशी राहतो. हवेच्या बोटीला भोक पडलं तर तिच्यात जे होतं ते सगळं जातं. आणि मासेमारीत टोचणाऱ्या वस्तूंना तोटा नसतो. गळ, सुरी, शिंगट्याचा आणि चिलापीचा काटा, जलाशयात बुडालेल्या बाभळी. म्हणून बोट घेताना पहिला प्रश्न विचारा: हिच्यात हवेचे कप्पे किती? एकच असेल तर ते पोरांचं खेळणं आहे. तशा बोटींच्या खोक्यावर बहुतेक वेळा तसं लिहिलेलंही असतं, बारीक अक्षरांत. निदान दोन-तीन वेगवेगळे कप्पे हवेत, म्हणजे एक फुटला तर दुसऱ्यावर काठ गाठता येतो.

खोक्यावर दोनशे किलो लिहिलं असेल तर शंभर धरा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो आकडा संथ पाण्यातला आणि पूर्ण भरलेल्या बोटीचा असतो. ओलं जाळं, मासळी आणि दोन माणसं मिळून वजन किती होतं हे जाळं ओढणाऱ्याला सांगायला नको.

उन्हाचं मात्र नीट समजून घ्या. पहाटे गारव्यात भरलेली बोट दुपारी काठावर तापली आणि आतली हवा तीस अंशांनी गरम झाली, तर तिचा दाब साधारण दहा टक्क्यांनी वाढू पाहतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण स्वस्त बोटीत बाहेरच्या हवेपेक्षा मुळात तीन-चार टक्केच जास्त दाब भरलेला असतो. त्यावर आणखी दहा टक्के चढायला लागले की कातडं ताणतं, आणि चिकटवलेला सांधा उकलतो तो तिथेच. उलटही घडतं. भर उन्हात टम्म भरलेली बोट पाण्यात टाकली की आतली हवा थंड होते, बोट ढिली पडते आणि मधोमध दुमडते. म्हणून काठावर ती सावलीत ठेवा. पाण्यात सोडल्यावर थोडा वेळ थांबा, हात लावून बघा, लागली तर हवा भरा, मगच निघा.

या बोटीत उभं राहून फेकजाळं मारू नका. तळ मऊ असतो, पाय रुततो, आणि जाळ्याची दोरी मनगटाला असली तर माणूस जाळ्यासकट पाण्यात जातो. वाऱ्याचंही तसंच. बोट हलकी, पाण्यात तिला खोली नाही, त्यामुळे वारा नेईल तिकडे ती जाते. कोकणातही हाच धोका आहे: रात्री आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि किनाऱ्यालगत मासे धरणाऱ्याला बाहेर ढकलतो. आपल्याकडे भीती वळवाच्या वादळाची. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशी मार्गावरची प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती तर हवेची बोटसुद्धा नव्हती. दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जण गेले. ओढीच्या पाण्यात प्रशिक्षित माणसांचीही ही गत होते. म्हणून विष्णुपुरीच्या दरवाजांच्या आणि पंपगृहाच्या आसपास बोट नेऊच नका, आणि पाणी सोडणार असल्याची सूचना आली की त्या दिवशी जाळं घरी ठेवा.

पैसे थोडेच असतील तर आधी लाइफ जॅकेट घ्या, बोट नंतर. पाण्यात माणसाचं डोकं वर राहायला पाच-सात किलोंची उचल पुरते. जॅकेट तेवढी देतं आणि हात मोकळे ठेवतं. ते बोटीत उशाला ठेवू नका, अंगात घालून बंद आवळा. शिवाय तेलाचे किंवा पाण्याचे वीस लिटरचे रिकामे कॅन, बूच घट्ट लावून, बोटीच्या दोन्ही बाजूंना बांधा. असा एक कॅन पाण्याखाली गेला तर सुमारे वीस किलो उचलतो. बोट फुटली तरी धरायला काहीतरी उरतं. एकट्यानं जायचं असेल तर कुठल्या बाजूला चाललो आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघा.

तलावाचा ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. मत्स्यबीज सोडायला जसा पैसा ठेवता तसा जॅकेटांनाही ठेवा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी आणि जाळ्यांसाठी मदतीची तरतूद आहे. त्याच योजनेत अपघाती मृत्यूसाठी पाच लाखांचं विमा संरक्षणही आहे. त्यासाठी मच्छीमार म्हणून नाव नोंदलेलं लागतं, आणि ट्यूबवर बसणाऱ्या कितीतरी जणांचं ते कुठेच नसतं. संस्थेच्या सचिवांनी आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन त्यांना जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात न्यावं, पावसाळा लागायच्या आत.