गाणे आणि अभ्यास : डॉ. प्रभा अत्रे यांचे उदाहरण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात शहाड येथे दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून आम्ही उभे आहोत. आम्ही केवळ मॅट्रिक. सारी हयात प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात गेली. तेव्हा गायनशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु शहाडहून एक स्टेशन गाठून कल्याणला जावे, १९२६ साली स्थापन झालेल्या कल्याण गायन समाजाच्या मैफलीत मागच्या रांगेत बसावे आणि रात्री उशिराच्या गाडीने परत यावे, हा नाद आम्हांस तरुणपणापासून आहे. त्या नादाच्या बळावर आज डॉ. प्रभा अत्रे यांच्याविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत.

चरित्र सांगताना जन्मापासून आरंभ करण्याची रीत आहे. आम्ही मात्र शेवटापासून आरंभ करतो. १३ जानेवारी २०२४ रोजी प्रभाताईंचे मुंबईत गायन ठरलेले होते. वय ९१ वर्षांचे. त्याच दिवशी पहाटे पुण्यात त्यांचे निधन झाले आणि ते गायन राहून गेले. बातमी वाचताच आमच्या मनात पहिला विचार आला तो हा की, ज्या वयात माणसे औषधाच्या वेळा तेवढ्या मोजीत बसतात, त्या वयात या बाईंसमोर पुढची मैफल होती. ज्याचा अभ्यास संपलेला नसतो, त्याचेच कार्यक्रम पुढे ठरलेले असतात.

प्रभाताईंचा जन्म १३ सप्टेंबर १९३२ रोजी पुण्यात झाला. घरात गाण्याची परंपरा नव्हती. त्यांच्या मातोश्री इंदिराबाई आजारी असत. गाणे शिकल्यास मनाला उभारी येईल, असे कोणी सुचविले म्हणून घरी शिकवणी सुरू झाली. आईची शिकवणी थोड्याच दिवसांत सुटली, पण शेजारी बसून ऐकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीची सुटली नाही. पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने व त्यांच्या भगिनी हिराबाई बडोदेकर यांच्याकडे त्यांनी रीतसर तालीम घेतली.

आता विद्यार्थी मित्रांनी कान द्यावा. हे चालू असतानाच त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून विज्ञानाच्या पदवीधर झाल्या; नंतर त्यांनी कायद्याचीही पदवी घेतली. पुढे आकाशवाणीत काम केले आणि मुंबईच्या महिला विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद भूषविले. पाश्चात्य संगीताचीही परीक्षा दिली. १९९० साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण आणि २०२२ साली पद्मविभूषण असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले.

त्यांचा संशोधनाचा विषय होता सरगम. सरगम म्हणजे काय? गाताना शब्द किंवा आकार न घेता 'सा रे ग म' ही स्वरांची नावेच उच्चारीत जाणे. आपल्याकडे पुष्कळ जाणत्यांना हे रुचत नसे. त्यांचे म्हणणे असे की, सरगम ही शिकतानाची गोष्ट. मैफलीत ती कशाला? आम्हां शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर, कवितेऐवजी कवितेचे व्याकरण चालविण्यासारखे ते झाले. प्रभाताईंनी या आक्षेपाला भांडणाने उत्तर दिले नाही. त्यांनी त्याच विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली आणि मैफलीत सरगम अशी गाऊन दाखविली की, व्याकरणच कविता व्हावे. टीकेला असे उत्तर देण्यास अभ्यास लागतो.

दुसरी गोष्ट रचनांची. ख्यालाच्या बंदिशी म्हटल्या म्हणजे सदारंग-अदारंगांपासून पुरुष रचनाकारांचीच नावे ठळकपणे पुढे येतात. शब्द बहुधा स्त्रीच्या मनातले, विरहिणीचे किंवा सासुरवाशिणीचे. पण लिहिणारा हात पुरुषाचा. प्रभाताईंनी स्वतः शेकडो बंदिशी रचल्या. मारुबिहाग आणि कलावती या रागांतील त्यांच्या रचना तर रेडिओवरून घरोघरी पोचल्या. कलावतीत रिषभ आणि मध्यम हे दोन स्वर मुळीच नाहीत; उरलेल्या पाच स्वरांत सारा संसार करायचा. ज्या गृहिणींनी तुटपुंज्या पगारात घर चालविले आहे, त्यांना ही करामत अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांनी नवे रागही बांधले. त्यांपैकी एकाचे नाव अपूर्व कल्याण. ते नाव ऐकून आम्हां कल्याणच्या शेजाऱ्यांना उगीचच आपलेपणा वाटतो, हे कबूल केले पाहिजे! २०१६ साली, वयाच्या ८४व्या वर्षी, त्यांचे अकरा ग्रंथ एकाच समारंभात प्रकाशित झाले. याला वार्धक्य कोण म्हणेल?

बंधुभगिनींनो, एवढे सांगण्याचे कारण निराळेच आहे. ते आज मोकळ्या मनाने सांगून टाकतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात सातवीची एक मुलगी होती. प्रार्थना ती सांगू लागली की व्हरांड्यातला शिपाईसुद्धा घंटेचा टोल विसरे. वडील गिरणीकामगार, मुलीला गाण्याच्या शिकवणीस घातले होते. एके दिवशी ते आम्हांस विचारावयास आले, "गुरुजी, गाण्यापायी अभ्यास मागे पडेल का? शिकवणी बंद करू?" आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "परीक्षेचे वर्ष आहे. एक वर्ष थांबवा." ते एक वर्ष पुढे संपलेच नाही. सातवीनंतर दहावी आली, दहावीनंतर लग्न. पाच-सहा वर्षांमागे शहाडच्या फलाटावर ती भेटली. वाकून नमस्कार केला. आम्ही विचारले, "गातेस का ग?" ती हसून म्हणाली, "गुरुजी, आता कुठलं!" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच आम्हांस अधिक लागले. कारण तिच्या वडिलांनी विश्वासाने आमचा सल्ला घेतला होता. गाणे आणि अभ्यास या दोन वस्तू एकमेकींच्या सवती आहेत, असे आम्ही त्या दिवशी गृहीत धरले. ती चूक आमचीच होती.

सर्वच मुली प्रभा अत्रे होतील, असे आमचे म्हणणे नाही. उपजीविकेची चिंता खोटी नाही. शहाडच्या कारखान्यांच्या भोंग्यावर ज्यांची घरे चालली, त्यांना ती आम्ही काय शिकवावी? आमचे मागणे लहान आहे. आज आपण गुणांच्या टक्केवारीवर बक्षिसे वाटली, ती योग्यच होती. पुढील वर्षापासून जी मुले शालेय शिक्षण सांभाळून संगीताची परीक्षा उत्तीर्ण होतील, त्यांनाही याच व्यासपीठावर बोलवावे. त्या बक्षिसासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून पहिली रक्कम आम्ही आज चिटणीसांच्या हाती देत आहोत. आणि मंडळाची खोली आठवड्यातून एक सायंकाळ तंबोऱ्यासाठी मोकळी ठेवावी. भाड्याच्या एका खोलीत पाच माणसे राहतात, तेथे मुलीने रियाज करावा तरी कुठे?

आणि एखादा बाप विचारावयास आला की, "परीक्षेचे वर्ष आहे, शिकवणी बंद करू का?", तर त्याला सांगावे : वेळ कमी करा, पण बंद करू नका. थांबविलेले गाणे पुन्हा सुरू होईलच, असा भरवसा कोणीही देऊ शकत नाही. आम्ही तो एकदा दिला होता.